मांजराची जात कोणती?

सज्जनहो, या महिन्याचे निरूपण मांजरावर आहे. भक्तिमार्गाच्या मासिकात मांजर कोठून शिरले, असे कोणी म्हणेल. पण ते आधी आमच्या घरात शिरले, आणि घरात आलेल्या जिवाचा विचार गृहस्थाला करावाच लागतो. शिवाय त्या मांजरापाठोपाठ जो प्रश्न दारात येऊन उभा राहिला, तो आपल्या संप्रदायाला नवा नाही. "जात कोणती?" हाच तो प्रश्न.

गेल्या वर्षी कार्तिकीची वारी करून आम्ही दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी परतलो, तेव्हा सीतादही होऊन कापसाची वेचणी ऐन भरात आली होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची चाल आहे. आमचीही मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली. त्या कापसाच्या आडोशाला गावातल्या एका भटक्या मांजरीने दोन पिल्ले घातली. ती मोठ्या रस्त्यावर गाडीखाली सापडली हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. पिल्ले आहेत हे तिसऱ्या दिवशी, त्यांच्या ओरडण्यावरून. माझी नात चौथीत आहे. तिने दोन्ही पिल्ले ओच्यात घालून माझ्यापुढे आणली आणि म्हणाली, "आबाजी, यांची माय मेली. आता हे आपले." मी होय म्हणालो. यात माझे पुण्य काही नाही. तिच्या पुढे नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

एक पिल्लू पांढुरके, लांब केसांचे, शेपूट देवावर ढाळायच्या चवरीसारखे. तिचे नाव ढवळी. दुसरे करडे, अंगावर काळसर पट्टे, कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी रेघ. ती करडी. दोघी एका पोटच्या, एका दिवशीच्या. पण आठ दिवसांत गावातली माणसे येऊ लागली ती एकीलाच पाहायला. शेजारचा एक शेतकरी ओट्यावर टेकत म्हणाला, "महाराज, हे तं पर्शियन दिसते जी. यवतमाळले दहा-पंधरा हजाराले भेटत नाही असं मांजर. हे तुमाले फुकट भेटलं?" हाच गृहस्थ आधी त्या दोघींच्या आईवर झाडू उगारून धावत असे. आता त्याने घरून दूध आणून ढवळीपुढे ठेवले. करडी मध्ये आली तिला पायाने बाजूला सारले. मारले नाही, नुसते सारले. चार घरांतून ढवळीला मागणी आली. करडीला कोणी विचारले नाही.

दुसऱ्याचे कशाला सांगू? भाकरीचा दूधकाला कालवून मी वाटी ठेवायला बसलो की ती आपोआप ढवळीकडे सरकायची. दोन-चार दिवस हे चालले. मग आमच्या घरच्या मंडळींनी माझ्या हाताकडे नुसते पाहिले, बोलल्या नाहीत. चाळीस वर्षे कीर्तनात समतेचे पाल्हाळ लावणाऱ्याचा हात वाटी ठेवताना कुठे जातो, ते मला त्या दिवशी कळले.

पुढे जिल्ह्याच्या गावच्या एका ओळखीच्या कुटुंबाने ढवळीला फार आग्रहाने मागून नेले. गाडी घेऊन आले, गादी आणली, गळ्यात घालायला घुंगराचा पट्टा आणला. नातीने रडून रडून निरोप दिला. वीस-बावीस दिवस झाले असतील, तोच त्यांचा माणूस टोपली घेऊन दारात. "महाराज, डॉक्टरला दाखवलं. काही जातबीत नाही म्हणाले, साधीच आहे. मालकीणबाई म्हणाल्या, तुमची तुम्हाला पोचवून दे." टोपलीत ढवळी. पट्टा काढून घेतलेला होता.

नातीने तिला उचलून घेतले, खालीवर पाहिले आणि मला विचारले, "आबाजी, नेली तेव्हा होती तीच आहे ना ही?"

वेदान्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच "तोच हा देवदत्त" हा दृष्टांत शिकवितात. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे भेटला. काळ निराळा, जागा निराळी. ते वेगळेपण बाजूला ठेवले की जो उरतो तो एकच. आमच्या पाठशाळेत या एका वाक्यावर आम्ही महिनाभर डोके घासले होते. पण इथे तर काळ वीस दिवसांचा आणि देवदत्त टोपलीत. मग बदलले काय? मांजरीचा एक केससुद्धा बदलला नव्हता. बदलला तो तिच्यावर लावलेला शब्द. त्या एका शब्दासाठी तिला गादी मिळाली आणि तो शब्द निघताच गादीही गेली.

तेव्हा हा शब्द आहे तरी काय, हे जरा समजून घ्यावे असे मला वाटले. मुलगा फोनवर वाचून दाखवीत असे. पशुवैद्यकी शिकलेल्या एका तरुण भक्ताला मी आडून आडून विचारले. जे पदरात पडले ते सांगतो.

मांजर माणसाकडे आले ते आपल्या पायांनी. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील एका रानमांजराच्या कुळातून जगातली सगळी घरमांजरे निघाली, हे २००७ साली शास्त्रज्ञांनी जनुकांच्या बारीक तपासणीवरून दाखविले. माणसाने धान्य साठविले, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. २००४ साली ही गोष्ट जगाला कळली. एवढा जुना हा शेजार. पण बैलाची गोष्ट निराळी आणि मांजराची निराळी. आपल्या विदर्भातला गवळाऊ बैल घ्या. वर्ध्या-नागपुराकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालीचा, कष्टाचा वळू निवडून ती जात राखली. तिथे "कोणत्या जातीचा?" म्हणणे म्हणजे "काम काय करील?" हे विचारणे. मांजराकडून उंदीर मारण्याखेरीज कोणाला काही नकोच होते, आणि ते काम ती शिकविल्याशिवाय करते. त्यामुळे हजारो वर्षे मांजराला जाती पाडण्याची कोणाला गरज पडली नाही.

जाती पडल्या त्या बहुतेक गेल्या दीडशे वर्षांत. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. मग कोणते मांजर पहिले आणि कोणते दुसरे हे ठरवायचे म्हणजे मापे आली. डोळा असा, नाक असे, केस एवढे. मापांमागून वंशावळीच्या वह्या आल्या. आजही पर्शियन म्हणजे काय, तर ज्याचे आईबाप, आजे-पणजे त्या वहीत पर्शियन म्हणून लिहिलेले आहेत ते. वही नसेल तर लांब केस पाहून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मोठमोठ्या शहरांत सुद्धा रस्त्यावरून उचललेल्या बहुतेक मांजरांना या अर्थाने जातच नसते.

मग ढवळीचे लांब केस आले कोठून? लांब केसांचा गुण हा दबून राहणारा गुण आहे. आई आखूड केसांची, बाप आखूड केसांचा, पण दोघांच्याही अंगात तो लपलेला असला तर चार पिल्लांत एखादे लांब केसांचे निघते. शिवाय एका वेताच्या पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात. करडीच्या कपाळावरचा एम तर पट्टेदार मांजरांत सर्वत्रच असतो. तीन रंगांचे मांजर दिसले की लोक शुभ मानतात. ते बहुतेक नेहमी मादीच असते, कारण तांबड्या रंगाचे बीज स्त्रीत्वाच्या बीजाबरोबरच वाहते. आणि सयामी मांजराचे कान, तोंड, शेपूट काळे का? तर तिच्या अंगातला रंग थंड जागीच उमटतो, उबेत उमटत नाही. मला ही माहिती फार गोड वाटली. रंग हा कुळाचा शिक्का नसून कानाला लागलेल्या वाऱ्याचा परिणाम! मुलाने ढवळीचे फोटो फोनमधल्या जात ओळखणाऱ्या यंत्राला दाखविले. समोरून काढलेल्या फोटोला ते पर्शियन म्हणाले, बाजूने काढलेल्याला नॉर्वेचे रानमांजर, आणि न्हाऊ घातल्यावर काढलेल्या ओल्या मांजरीला त्याने काही निराळेच नाव दिले.

अलीकडे तर आपल्याच देशातल्या मांजरप्रेमी मंडळींनी रस्त्यावरच्या ठिपकेवाल्या मांजराला इंडिमाऊ असे नाव देऊन परदेशच्या संघटनेची मान्यता मिळविली. म्हणजे काल जी बिनजातीची होती ती नाव मिळताच जातिवंत झाली. त्यांचा हेतू चांगला आहे. देशी मांजराला लोकांनी घरात घ्यावे असा. पण ठिपके नसलेल्या तिच्या बहिणीने काय करावे, हा करडीचा प्रश्न तिथेही उरतोच.

आता थोडे शास्त्र. न्यायदर्शनात "जाती" हा फार जपून वापरायचा शब्द आहे. आम्ही तर्कसंग्रह घोकला तेव्हा गुरुजींनी सांगितले होते की अनेक व्यक्तींत राहणारा, एकच आणि नित्य असा जो धर्म, त्यालाच जाती म्हणावे. गाईंमध्ये गोत्व, मांजरांमध्ये मार्जारत्व. पण चार वस्तूंना एक नाव मिळाले म्हणून जाती होत नाही. उदयनाचार्यांनी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा अडचणी मोजल्या. त्यांतली एक संकर. दोन धर्म एकमेकांना आडवेतिडवे छेदून जात असतील तर त्यांना जाती म्हणता येत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व हे नेहमीचे उदाहरण. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी-जलादी चार दोन्ही आहेत. म्हणून हे दोन्ही धर्म उपाधी, जाती नव्हेत. (नव्यांपैकी काहींना हे मान्य नाही. तो वाद इथे नको.)

हीच फूटपट्टी मांजराला लावा. काही मांजरे लांब केसांची पण डोळे पिवळे. काही निळ्या डोळ्यांची पण केस आखूड. काही दोन्ही असलेली. सगळे एकमेकांत गुंतलेले. हे सारे उपाधी. पर्शियनपण ही वहीने दिलेली उपाधी. मांजराच्या अंगात खरी जी जाती आहे ती एकच, मार्जारत्व. आणि ते ढवळीत जेवढे आहे तेवढेच करडीत आहे, कणभर कमी नाही.

उपाधी निरुपद्रवी असती तर बोलण्याचे कारण नव्हते. कपाळाला बुक्का लावला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पण माप आधी ठरवून जीव त्या मापात बसविण्याचा उद्योग सुरू झाला की दुःख सुरू होते. पर्शियनचे तोंड चपटे, आणखी चपटे करीत नेले. आता त्यांतल्या कित्येकांना नीट श्वास घेता येत नाही, डोळे सदा गळतात, आणि मूत्रपिंडाचा एक रोग त्यांच्या वंशात पसरला आहे. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची एक साधी गोठ्यातली मांजरी सापडली. लोकांना ती गोजिरवाणी वाटली, तिच्यापासून नवी जात काढली. पुढे कळले की कान दुमडविणारे तेच बीज तिच्या वंशाची हाडे आणि सांधे दुखवीत राहते. गोजिरे दिसण्यासाठी जन्मभर दुखणारे पाय! त्या गोठ्यातल्या मांजरीची जात कोणी विचारली नसती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

इथपर्यंत ऐकून श्रोते माना डोलावतील. "बरोबर आहे महाराज, जात विचारूच नये." मीही तसेच म्हणत होतो. पण मग मला एक जुनी गोष्ट आठवते, आणि माझी मान डोलत नाही.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढरकवडा-घाटंजीच्या बाजूला एका गावी सप्ताहाला गेलो होतो. तिकडे टिपेश्वरचे जंगल आहे. १९९७ साली त्याचे अभयारण्य झाले, तेव्हा अजून व्हायचे होते. दुपारी तुरीच्या वावरात बायांना तीन पिल्ले दिसली. मातकट रंगाची, पायांवर पुसट पट्टे, शेपूट अंमळ आखूड आणि टोकाशी काळे, कानांच्या टोकांवर केसांची बारीक शेंडी. बाया म्हणाल्या, मांजराची पिल्ले आहेत, कुत्री खातील. मी त्यांना झोळीत घालून बिऱ्हाडी आणले. वावराच्या धुऱ्यावर एक म्हातारे कोलाम बाबा उभे होते. ते मला म्हणाले, "महाराज, हे घरचं नोहे, रानचं व्हय. माय राती येते. तिथंच राहू द्या." मी हसलो आणि म्हणालो, "बाबा, जिवाला कसली आली घरची न् रानची जात?" जमलेल्या लोकांना ते वाक्य फार आवडले.

त्या रात्री माझ्या कीर्तनात मी मार्जारन्याय सांगितला. श्रीवैष्णवांचा हा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून सुखरूप जागी नेते. शरणागत भक्ताचे तसेच. कीर्तन रंगले, लोकांचे डोळे पाणावले. आणि कीर्तन संपवून मी झोपायला गेलो तेव्हा त्या धुऱ्याकडून एका मांजरीचा घोगरा आवाज येत होता. पहाटेपर्यंत येत होता. दुसऱ्या रात्रीही आला. जिने तोंडात धरून न्यायचे, तिची पिल्ले माझ्या झोळीत होती. मी कापसाच्या वातीने गाईचे दूध त्यांच्या तोंडात पिळीत होतो. तिसऱ्या दिवशी दोन मेली, चौथ्या दिवशी तिसरे.

ती रानमांजराची पिल्ले होती. आई शिकारीला गेली की ती पिकात पिल्ले दडवून ठेवते. टाकून दिलेली नसतात. आपल्याकडे वाघाटी म्हणून आणखी एक चिमुकले रानमांजर आहे. तिच्यातली तांबड्या ठिपक्यांची जी आहे तिचे वजन जेमतेम एक-दीड किलो, जगातल्या सगळ्यात लहान मार्जारांत तिची गणना. तिची पिल्ले तर घरच्या पिल्लांसारखीच दिसतात. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्ले नेहमी सापडतात. तिथे वनखात्याची आणि प्राणिरक्षक मंडळींची रीत अशी की पिल्ले निरोगी आहेत हे पाहून संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवायची आणि दूर व्हायचे. आई रात्री येऊन एकेकाला उचलून नेते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशी पिल्ले घरी नेऊन पाळणे हा गुन्हाही आहे. पण मला कायदा नंतर कळला. त्या म्हाताऱ्या बाबांना तो कायद्यावाचून कळत होता. त्यांनी मला जात सांगितली होती, आणि मी समतेच्या गुर्मीत ती ऐकली नाही.

तेव्हा वाचकहो, "कोणत्या जातीचे?" या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. एक असा, की याला काय लागते, याचे घर कुठे, हे काय खाते, याची आई कुठे आहे? दुसरा असा, की याला मान किती द्यायचा, याची किंमत काय, माझ्या ओसरीवर हे शोभेल का? शब्द तेच, पहिला विचारणारा त्या जिवाकडे पाहतो, दुसरा स्वतःकडे. कोलाम बाबांचा प्रश्न पहिला होता. टोपली परत पाठविणाऱ्यांचा दुसरा. आणि माझी तऱ्हा अशी की दुसरा नको म्हणून मी पहिलाही फेकून दिला होता. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष गाय, हत्ती, कुत्रा यांना सम पाहतो असे भगवान सांगतात. पाहणे सम, वागणे सम नव्हे, असे जाणते लोक त्याचे विवरण करतात. हत्तीला आणि कुत्र्याला एकच वैरण घालणाऱ्याला ज्ञानी म्हणत नाहीत.

याचा प्रत्यय घरात लवकरच आला, आणि तो आम्हां माळकऱ्यांना जरा अवघड जाणारा आहे. दोघी मोठ्या होऊ लागल्या. आमच्या घरी दूधभात, दूधभाकरी, फार तर ताकाची निवळी. घरच्या मंडळींची समजूत अशी की माळकऱ्याच्या घरचे मांजरही माळकरी होईल. मलाही ते ऐकायला बरे वाटे. आमच्या आळंदीच्या फडावरचे एक शास्त्रीबुवा मुक्कामाला होते, ते म्हणाले, "जपा हो, हितोपदेशातल्या जरद्गवाची गोष्ट विसरू नका." अनोळख्याला थारा देऊ नये, म्हणून ती गोष्ट सांगतात. गंगेच्या काठी एका झाडाच्या ढोलीत जरद्गव नावाचे आंधळे, म्हातारे गिधाड राहत असे. दीर्घकर्ण नावाचे मांजर तिथे आले. गिधाडाने हाकलले, तर ते म्हणाले, नुसत्या जन्मावरून मला मारू नकोस, माझी वागणूक पाहा. मी व्रतस्थ आहे, रानातल्या भाजीपाल्यावर पोट भरतो. गिधाडाने ठेवून घेतले. मांजराने पाखरांची पिल्ले खाल्ली, हाडे ढोलीत टाकली, आणि पाखरांनी गिधाडालाच दोषी धरून मारले.

त्या रात्री मला झोप आली नाही. जन्मावरून पारखू नये हे वाक्य तर लाखमोलाचे. कवीने ते लबाडाच्या तोंडी घालून ठेवले आहे. खरे वाक्य लबाडाने उच्चारले म्हणून खोटे होत नाही. मग जरद्गव चुकला कुठे? त्याने मांजराला थारा दिला ही त्याची चूक, असे सगळे म्हणतात. मला वाटते, मांजर भाजीपाला खाते यावर त्याने विश्वास ठेवला, ही त्याची चूक. समोरच्याला आपल्यासारखे मानून त्याने मांजराचे मांजरपण पुसून टाकले. आणि मी तरी दुसरे काय करीत होतो?

त्या तरुण पशुवैद्याने मला समजावून सांगितले. मांजराच्या देहाला टॉरिन नावाचे एक द्रव्य लागते. ते मांसमासळीत असते, भातभाकरीत नाही, आणि गाय किंवा माणूस ते आपल्या अंगात तयार करतो तसे मांजराला पुरेसे करता येत नाही. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदय दुबळे होते, हे १९८७ साली. माळकऱ्यांच्या घरची मांजरे आजवर जगली ती आपल्या दूधभातावर नव्हे. उंदीर, पाली, पाखरे मारून ती आपले पोट भरत आली. आपण फक्त तिकडे पाहत नव्हतो.

घरात मोठी चर्चा झाली. घरच्या मंडळी म्हणाल्या, "चुलीपाशी ते यायचं नाही." मुलगा म्हणाला, बंद पुड्यांतले मांजरांचे खाद्य मिळते, तेच आणू. शेवटी मागच्या पडवीत, कापसाच्या खोलीबाहेर, दोघींच्या दोन वाट्या ठेवल्या. पुडी तिथल्याच कोनाड्यात. खाद्य नात घालते. तिने एकदा मला विचारले, "आबाजी, हे पाप आहे का?" मी म्हणालो, "बाई, माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या गळ्यात नाही." हे उत्तर पुरे आहे असे मी म्हणत नाही. त्या पुडीत जो गेला तोही जीवच. ज्यांचे मन इतके घेत नाही त्यांनी मांजर पाळण्याचा हट्ट धरू नये, गाय पाळावी, पाखरांना दाणे घालावेत. पण मांजर ठेवून घ्यायचे आणि तिच्यावर आपली एकादशी लादायची, यात मला आता त्या वातीने पिळलेल्या दुधाचा वास येतो.

मार्गशीर्षात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोघींना रेबिजची सुई टोचायला नेले. भाटीचे वय काय, कोणाला चावली-ओरबाडली का, जंताचे औषध दिले का, शी कशी होते, असे डॉक्टर विचारीत गेले आणि कार्डावर लिहीत गेले. एका रकान्यापाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "जात?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच दोन्ही कार्डांवर "देशी" असे लिहिले आणि पुढे गेले. ढवळीचे वजन करडीपेक्षा कमी भरले. नुसते केसच होते म्हणायचे.

परत येताना वेशीपाशी तो शेजारी भेटला. पिशवीतून बाहेर आलेल्या दोन डोक्यांकडे पाहून त्याने नातीला विचारले, "काय निंगालं मंग, डॉक्टर काय म्हणे?"

"मांजर निंगालं," ती म्हणाली, आणि पिशवी सावरीत पुढे चालू लागली.

पुढची सुई वर्षाने आहे. कार्तिकीहून आलो की आधी तेवढे उरकून घेऊ.